सुटलेली शाळा, सोडलेली नोकरी

आलेलं पत्र थोडं आटोपशीर करून देते:

"सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं भावंडं. घरची गरिबी दोघांच्याही वाट्याला सारखीच आली. मी शिकले, नोकरीला लागले, आज स्वतःच्या घरात राहते. भाऊ माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. मी वसतिगृहात राहून शेवटच्या वर्षाचा अभ्यास करत होते, तेव्हा वडील अंथरुणाला खिळले आणि त्याची शाळा सुटली. पण पुढे त्याला संधी मिळाल्या नाहीत असं नाही. एक नोकरी त्याने साहेबाशी भांडून सोडली, दुसरी रात्रपाळी नको म्हणून सोडली. हप्त्यांवर महागडा फोन घेतला. व्याजाने पैसे काढले, आणि मला मात्र मुलीच्या फीसाठी हवेत असं सांगून माझ्याकडून त्या कर्जाचं व्याज भरलं. गेल्या पाच वर्षांत मी त्याला थोडे थोडे करून बरेच पैसे दिले. हातात पैसा आला की तो उडवतो, असं मला वाटू लागलंय. आता पुन्हा मागतोय. नवरा म्हणतो, 'परिस्थितीने गांजलाय, देऊन टाक.' मी म्हणते, मीही त्याच घरातून वर आले ना? मला खरं खरं सांगा, माणूस गरिबी स्वतः ओढवून घेतो की नाही? आणि या वेळी पैसे देऊ की नको? – एक थकलेली मोठी बहीण"

ताई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी वाचून बाजूला ठेवलं. चार दिवसांनी पुन्हा हातात घेतलं तेव्हा आधी दिसलेला राग कमी आणि दमणूक जास्त दिसली. पाच वर्षं कुणाला तरी सावरत राहिल्यावर येते ती दमणूक. तिच्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. भावाची पर्वा नसती तर तुम्ही एवढं लांबलचक पत्र लिहिलंच नसतं.

त्या पत्रातल्या दोन क्रियापदांपाशी मी अडले. शाळेबद्दल तुम्ही लिहिलंत 'सुटली'. नोकऱ्यांबद्दल लिहिलंत 'सोडली'. हे ठरवून केलेलं नसणार, लिहिता लिहिता आपोआप आलेलं असणार. म्हणून तर मला ते महत्त्वाचं वाटलं. हातातून कप सुटला तर आपण 'असू दे, लागलं नाही ना' म्हणतो. हातातला कप कुणी मुद्दाम सोडला तर 'हे काय केलंस?' असं विचारतो. तुमचा सगळा प्रश्न याच दोन शब्दांमध्ये अडकलाय. भावाच्या हातून आयुष्य सुटलं की त्याने ते सोडलं?

मी आधी सुटलेल्याकडे येते, कारण पत्रात तुम्ही त्याला एकच वाक्य दिलंय आणि पुढे 'पण' म्हणून निघून गेला आहात.

'मीही त्याच घरातून आले' हे मला पटलेलं नाही. घर तेच होतं, पण वेळ वेगळी होती. वडील पडले तेव्हा तुमच्या शिक्षणाचा डोंगर चढून झाला होता, शेवटचे काही महिने उरले होते. राहायची सोय होती, दोन वेळच्या जेवणाची सोय होती, आणि मुख्य म्हणजे तुम्ही घरापासून लांब होता. ते आजारपण तुमच्यापर्यंत निरोपाने आलं. त्याच्यापर्यंत ते रोज सकाळी डोळे उघडल्याबरोबर येत होतं. औषधं कोण आणणार, वडिलांना कूस बदलायला हात कोण देणार, आई कामावर गेली की घरात कोण थांबणार, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या घरात एकच होती, आणि ते उत्तर तेव्हा शाळेत जात होतं. हेच आजारपण पाच वर्षं आधी आलं असतं तर शाळा कुणाची सुटली असती? एकदा शांत बसून याचा विचार करा. मी तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून हे विचारत नाही. तुमच्या हिशेबातला हा आकडा राहून गेलाय, तो तेवढा मांडायचाय.

भावंडांमधला हा फरक संशोधकांनीही पाहिलाय. राज चेट्टी आणि नॅथॅनिएल हेंड्रन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या लाखो कुटुंबांच्या नोंदी तपासल्या होत्या. ही कुटुंबं एका वस्तीतून दुसरीकडे राहायला गेलेली होती. त्यांनी सख्खी भावंडं एकमेकांशी ताडून पाहिली. आईवडील तेच, घर तेच. तरीही कुटुंब चांगल्या वस्तीत गेलं तेव्हा जे मूल लहान होतं, त्याला तिथली जास्त वर्षं मिळाली, आणि मोठेपणी कमाईत त्याला त्या वर्षांच्या प्रमाणात फायदा झालेला दिसला. बदल कोणत्या वयात येतो याला इतकं वजन असतं. तुमच्या घरात बदल वाईट होता, आणि तो धाकट्याच्या कोवळ्या वयात आला.

यामुळे तुमचे कष्ट कमी होत नाहीत. वसतिगृहाच्या दिव्याखाली अभ्यास तुम्हीच केलात, दुसरं कुणी येऊन केला नाही. पण कष्टांना पाय टेकायला जागा लागते, आणि ती तुम्हाला थोडक्यात मिळाली. त्याच्या पायाखालून ती थोडक्यात गेली.

आता 'सोडली'कडे येते. इथे मी तुमच्या यजमानांच्या बाजूने नाही. 'परिस्थितीने गांजलाय' एवढंच म्हणून मोकळं होणं मला भावावरही अन्याय करणारं वाटतं. त्याने काही ठरवलंच नाही, त्याला काही ठरवता येतच नाही, असा त्याचा अर्थ होतो. खोटं बोलून पैसे घेणं ही त्याची करणी आहे. त्याच्याइतकेच अडलेले कितीतरी लोक बहिणीशी खोटं बोलत नाहीत. फोनही त्यानेच घेतला. तुम्हाला याचा राग येणं रास्त आहे, आणि तो त्याच्यासमोर बोलून दाखवायला हवा.

गरिबीचा पद्धतशीर हिशेब मांडणाऱ्या सुरुवातीच्या लोकांमध्ये सीबोम राउनट्री हे नाव येतं. कारखानदार घराण्यातला हा माणूस. १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात त्याने सुमारे साडेअकरा हजार कामगार कुटुंबांची घरोघरी माहिती गोळा केली. शहरातले सुमारे २८ टक्के लोक गरिबीत असल्याचं त्याला आढळलं. मग त्याने त्यांचे दोन गट केले. पहिल्या गटाची मिळकतच इतकी अपुरी होती की एकही पैसा इकडेतिकडे न घालवता सुद्धा शरीर धड राखता येत नव्हतं. दुसऱ्या गटाची मिळकत कशीबशी पुरली असती, पण त्यातला काही भाग दुसरीकडे जात होता. कधी गरजेच्या गोष्टींवर, कधी दारू-जुगारावर. म्हणजे तुमचं म्हणणं सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या वहीतही आहे, त्याने ते लपवलं नाही. पण पहिल्या गटातली निम्म्याहून जास्त माणसं अशा घरांतली होती जिथला कमावता माणूस नियमित काम करत होता. काम होतं, मजुरीच कमी होती. आणि दुसऱ्या गटाबद्दल त्याने बजावून ठेवलंय की या सवयी बऱ्याचदा माणसं ज्या हालात राहतात त्या हालांतूनच येतात. दोन्ही बाजू एकाच वहीत लिहिणारा हा माणूस मला फार प्रामाणिक वाटतो. आपण मात्र आपापल्या सोयीचं पान उघडून भांडत बसतो.

फोनवरून तुम्ही सगळ्यात जास्त चिडल्या आहात, असं मला वाटलं. फोनसाठी पैसे आहेत आणि फीसाठी नाहीत! मलाही हे आधी खटकायचं. मग एक छोटा प्रयोग वाचला आणि माझं मत बदललं. रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग २०१३ मध्ये छापून आला. तीन ते पाच वर्षांची २८ मुलं. प्रत्येकाला वापरलेले रंगखडू दिले आणि सांगितलं, थोडं थांबलास तर याहून छान रंग आणून देते. निम्म्या मुलांना ते खरोखर आणून दिले. उरलेल्यांना थोड्या वेळाने येऊन सांगितलं, माफ कर, नाहीयेत. त्यानंतर प्रत्येकासमोर एक गोड मार्शमॅलो ठेवला आणि म्हटलं, मी परत येईपर्यंत खाल्ला नाहीस तर आणखी एक मिळेल. ज्यांना रंग मिळाले होते ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना मिळाले नव्हते ती सरासरी ३ मिनिटं. संयम दोन्ही गटांत सारखाच असणार. एका गटाला थांबण्याचा उपयोग होत नाही, हे थोड्याच वेळापूर्वी कळलं होतं, एवढाच फरक.

तुमच्या भावाने शाळेत अभ्यास केला, चांगले रंग येणार म्हणून तो थांबला होता, आणि ते आले नाहीत. तेव्हापासून 'आज आहे ते घ्या, उद्याचं कुणी पाहिलंय' हा त्याचा हिशेब झाला असेल तर मला त्याचं नवल वाटत नाही. फोन घेणं शहाणपणाचं होतं असं मी म्हणत नाही. ते निव्वळ मूर्खपणाचं किंवा हावरटपणाचं नव्हतं, एवढंच म्हणते. तुम्हाला साठवण्याची सवय लागली ती साठवलेलं हाताला लागत गेलं म्हणून. त्याच्या बाबतीत साठवलेलं प्रत्येक वेळी कुठल्या ना कुठल्या खड्ड्यात गेलं असणार.

साहेबाशी भांडून नोकरी सोडल्याचं वाचलं तेव्हा मात्र मला माझीच गोष्ट आठवली. पहिल्या नोकरीत असताना मीही हेच केलं होतं. चूक पूर्ण माझी होती. भर कार्यालयात आवाज चढवला, दुपारी राजीनामा दिला आणि संध्याकाळी मोठ्या मामाच्या दारात उभी राहिले. मामीने काही विचारलं नाही, आतल्या खोलीत अंथरूण घातलं. तीन महिने मी त्या खोलीत राहिले. वर्तमानपत्रांतल्या जाहिराती पाहिल्या, अर्ज केले, दोन नोकऱ्या नाकारल्या सुद्धा, आणि आधीपेक्षा बरी तिसरी घेतली. आज लोक त्या प्रसंगाला माझा बाणेदारपणा म्हणतात. मामाची ती खोली नसती तर आठव्या दिवशी मी मिळेल ते काम धरलं असतं, किंवा व्याजाने पैसे काढले असते, आणि त्याच प्रसंगाला लोक माझा उतावळेपणा म्हणाले असते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे, ताई. चुका सगळेच करतात. पैसेवाले तर निवांतपणे करतात. पण त्याच चुकीची किंमत प्रत्येकाला वेगवेगळी पडते. कुणाची चूक तीन महिन्यांत भरून निघते, कुणाची चूक व्याजावर चढत राहते आणि दहा वर्षांनीही फिटत नाही. भावाने चुका केल्या, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. चुकांमुळे तो गरीब झाला, हे मात्र मला उलटं दिसतं. तो आधीच गरीब होता, म्हणून त्याच्या साध्यासुध्या चुका इतक्या महाग पडल्या. त्याच्या वयाच्या, त्याच्याइतक्याच चुका केलेल्या आणि तरीही मजेत असलेल्या चार माणसांची नावं तुम्हाला आत्ता बसल्या जागी आठवतील.

रात्रपाळीचं कारण तुम्ही त्याला कधी विचारलंत का? पत्रात 'नको म्हणून' एवढंच आहे. घरात रात्री कुणाजवळ थांबायला लागत होतं का, येण्याजाण्याची सोय होती का, तब्येत झेपत होती का? कदाचित खरोखरच कंटाळा असेल. पण न विचारता 'कंटाळा' धरून चालणं आणि न विचारता 'परिस्थिती' धरून चालणं, दोन्हींत आपण त्याच्याशी बोलायचं टाळतोच.

आता पैशांचं. इथे थोडी व्यवहाराची बाजू सांगते, कारण मला वाटतं तुमचे पैसे ज्या पद्धतीने गेले त्या पद्धतीतच खोट आहे.

थोडे थोडे करून दिलेत, असं तुम्ही लिहिलंय. बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेने २००७ पासून अतिगरीब घरांतल्या बायकांना गाईसारखी मोठी जनावरं आणि सोबत प्रशिक्षण दिलं. क्लेअर बाल्बोनी, मैत्रीश घटक आणि सहकाऱ्यांनी त्या घरांचं पुढे अकरा वर्षांत काय झालं ते तपासलं आणि २०२२ मध्ये मांडलं. मदत सगळ्यांना सारखीच मिळाली होती. पण ज्यांच्याकडे आधीची थोडी साधनं होती आणि मदत धरून जी घरं एका ठराविक उंबरठ्याच्या वर गेली, ती पुढे वर सरकत राहिली. जी उंबरठ्याच्या जरा खाली राहिली, ती हळूहळू पुन्हा होती तिथे घसरली. दोन्ही बाजूंच्या बायका कष्टाळूच होत्या. मला हा अभ्यास फार अस्वस्थ करून गेला, कारण आपली बहुतेक मदत उंबरठ्याच्या खालीच संपते. तुम्ही पाच वर्षांत दिलेले पैसे एकदम, ठरवून, एका कामासाठी गेले असते तर कदाचित आज हे पत्र आलं नसतं. तुकड्यातुकड्यांनी दिले तेव्हा ते त्या महिन्याचं व्याज गिळून गेलं. मुद्दल जागच्या जागी बसून राहिलं.

म्हणून या वेळी तो मागेल तेवढे, मागेल तेव्हा देऊ नका. आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. फोनवर नको. त्याच्या घरी जा, वही-पेन घेऊन. कुणाचं किती देणं आहे, किती व्याजाने, कधीपासून, सगळं त्याच्याच हाताने लिहायला लावा. तुम्ही लिहू नका, कारण ती वही नंतर त्याच्याकडे राहायला हवी. बहुतेक वेळा अशा यादीत एक कर्ज इतरांपेक्षा फार जास्त व्याजाचं निघतं. तुम्हाला झेपत असेल तर ते एकच पूर्ण मिटवा, ज्याचं कर्ज आहे त्याला समोरासमोर देऊन, पावती घेऊन. उरलेली त्याची त्याने फेडायची. तुम्हाला जी रक्कम परत नाही आली तरी चालेल तेवढीच काढा, आणि ती मनातून दिली असं समजा. परत येण्याची वाट पाहत दिलेले पैसे तुमच्या नात्यात सावकारी आणतील, आणि सावकार त्याच्याकडे आधीच आहे. झेपत नसेल तर नाही म्हणा. स्वतःचं घर गहाण टाकून भावाला सोडवणं मी तुम्हाला कधीच सुचवणार नाही.

हातात पैसा आला की उडवतो, ही तुमची भीती जगभरातल्या लोकांना गरिबांबद्दल वाटते. डेव्हिड इव्हान्स आणि अॅना पोपोवा यांनी वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास एकत्र पाहिले होते, गरिबांना रोख पैसे दिले तर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो का म्हणून. वाढलेला जवळपास कुठेच दिसला नाही. अर्थात तुमचा भाऊ म्हणजे ही सरासरी नाही. त्याला तुम्ही ओळखता. तरीही एकदा आठवून पाहा, उडवताना तुम्ही खरोखर काय काय पाहिलंय? फोन सोडून दुसरं काही आठवतंय का?

आणि खोटं बोलण्याचं. ते त्याच दिवशी काढा, पण हिशेब लिहून झाल्यावर. 'तू मुलीचं नाव घेऊन माझ्याकडून पैसे घेतलेस, ते मला लागलंय', असं साधं सांगा. 'तुझ्यासाठी मी काय काय केलं' ही यादी वाचू नका, ती त्याला तोंडपाठ असणार. तो खोटं का बोलला असेल, याचा मला एक अंदाज आहे. व्याज भरायला पैसे हवेत म्हटलं असतं तर तुम्ही आधी त्याला बोलला असता. फीसाठी म्हटलं की बोलणी न खाता पैसे मिळतात. पुढच्या वेळी खरं कारण सांगितलं तर त्याला आधी बोलणी खावी लागणार नाहीत, एवढा शब्द तुम्ही देऊ शकाल का? देऊ शकत असाल तर त्याच्याकडून खरं बोलण्याचा शब्द घ्या.

त्याची शाळा सुटली त्याबद्दल तुम्ही दोघं आजवर कधी बोलला आहात का, मला माहीत नाही. पत्रावरून वाटतं, नाही. त्या दिवशी जमलं तर तेही विचारा. शेवटच्या दिवशी तो शाळेतून घरी आला तेव्हा काय झालं होतं, दप्तर कुठे ठेवलं, कुणाला सांगितलं. तुम्ही त्या घरात नव्हता, त्यामुळे हे तुम्हाला त्याच्याकडूनच कळू शकतं.

त्याच्या मुलीची फी या वेळी खरोखर भरायची आहे की नाही, ते पत्रावरून कळत नाही. वहीत तेही लिहून घ्या, तारखेसकट. ती फी मात्र तुम्ही थेट शाळेत जाऊन भरा, आणि भाचीला सोबत घेऊन जा.